जुपणी

चार-पाच वर्षांच्या मुलाच्या पोटऱ्या भरदार दिसल्या की आमच्या बिदरकडच्या कमठाण्यात बायामाणसं कौतुकानं त्याच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडतात. "लेकरू पैलवान होतंय बगा," म्हणतात. पण तेच लेकरू जिना चढताना भिंत धरत असेल, पळताना सगळ्यांच्या मागं राहत असेल, चवड्यांवर चालत असेल, आणि जमिनीवरून उठताना आधी ओणवं होऊन, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकवत स्वतःचंच अंग वर ढकलत असेल, तर त्या पोटऱ्यांत ताकद नाही. तिथं स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट धाग्यांची ऊती साठू लागलेली असते.

उठण्याची ही रीत विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरानं १८७९मध्ये नेमकी टिपून ठेवली आणि आजही ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या डॉ. सुनील प्रधान यांनी १९९४मध्ये आणखी एक खूण दाखवून दिली. मुलाला दोन्ही हात खांद्याच्या रेषेत उचलून बाहेर वळवायला सांगायचं आणि पाठीमागून बघायचं. आजार असेल तर खांद्यामागच्या दोन फुगीर स्नायूंच्या मधे एक खळगा दिसतो. या दोन्ही खुणांना यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. अंगणवाडीतल्या ताईंना आणि शाळेच्या गुरुजींना त्या माहीत असाव्यात असं मला फार मनापासून वाटतं. आमच्या घरात त्या कुणालाच माहीत नव्हत्या.

माझ्या भाच्याला, अक्काच्या मुलाला, हा आजार आहे. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. घरात आता सगळेच डीएमडी म्हणतात. तो घरी मराठी, शाळेत कन्नड आणि गल्लीत दखनी बोलतो, क्रिकेटचे जुने स्कोअर तोंडपाठ सांगतो, आणि चाकाच्या खुर्चीत बसून अख्ख्या गल्लीचं पंचपद सांभाळतो. आईचा धाकटा भाऊही असाच होता. तो बाराव्या की तेराव्या वर्षी चालायचा थांबला आणि मिसरूड फुटायच्या सुमाराला गेला. त्याला पोलिओ झाला होता असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पोलिओत ताप येतो, चार दिवसांत पाय लुळा पडतो आणि मग तो वाळत जातो. मामाला ताप आल्याचं कुणालाच आठवत नाही. त्याचे पाय वाळले नव्हते, उलट पोटऱ्या जाड होत्या. ही गोष्ट आजीनं अनेकदा सांगितली होती, आणि आम्ही सगळ्यांनी ती नुसती ऐकली होती.

आता त्या स्नायूच्या आत काय बिघडतं ते सांगतो, कारण ते कळल्यावर आमच्या घरातल्या पुष्कळ गोष्टी बदलल्या.

स्नायूची पेशी म्हणजे एक लांबच लांब तंतू. त्याच्याभोवतीचं पटल चरबीच्या रेणूंच्या दोन थरांचं, मिलिमीटरचे एक लाख भाग केले तर त्यांतल्या एका भागाइतकं पातळ. आत ॲक्टिन आणि मायोसिन ही प्रथिनं एकमेकांवरून सरकतात आणि तंतू आखडतो. ही ओढ आत निर्माण होते, पण काम व्हायचं ते बाहेर: शेजारच्या तंतूंना, स्नायूबंधाला, हाडाला ती पोचली पाहिजे. मधे आडवं येतं ते हे नाजूक पटल. त्याच्या आतल्या अंगाला डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन असतं. त्याचं एक टोक आतल्या ॲक्टिनला धरून ठेवतं. दुसरं टोक डिस्ट्रोग्लायकनला धरतं, आणि डिस्ट्रोग्लायकन पटलाच्या आरपार जाऊन बाहेरच्या लॅमिनिनच्या आवरणाला. दोन टोकांच्या मधे एक लांब दांडा असतो, एकसारख्या २४ तुकड्यांचा, ताण आला की थोडा उलगडणारा आणि ताण सुटला की परत मिटणारा.

आमच्याकडं देवणी बैल जुंपताना जुवाला मानेभोवतीची जुपणी बांधतात. बैल कितीही जातिवंत असो, जुपणी तुटली तर त्याची ताकद गाडीपर्यंत पोचत नाही, आणि सुटलेलं जू हिसक्यांनी त्याचीच मान सोलून काढतं. डीएमडीत नेमकं हेच होतं. आखडण्याची यंत्रणा शाबूत असते. आतली ओढ बाहेर नेणारं प्रथिन तेवढं नसतं. मग प्रत्येक हालचालीबरोबर पटलाला बारीक बारीक चिरा पडतात. त्या चिरांतून बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं आणि पेशीला आतून खाणारी विकरं जागी करतं. आतली द्रव्यं रक्तात गळतात. तंतू मरतो, शेजारच्या मूळपेशी नवा तंतू घडवतात, त्यातही डिस्ट्रोफिन नसतंच, तोही मरतो. काही वर्षांत दुरुस्ती थकते आणि ती जागा चरबी घेते.

या प्रथिनाकडं दुसरंही काम आहे. ते पटलापाशी इतर प्रथिनांना जागा देतं, त्यांना आपापल्या ठिकाणी बसवून ठेवतं. त्यांत नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एक विकर आहे. स्नायू काम करू लागला की हे विकर रक्तवाहिन्या सैल करतं आणि जास्त रक्त आत येऊ देतं. डिस्ट्रोफिन नसलं की त्याची जागा सुटते, आणि कष्टाच्या वेळीच स्नायूला रक्त कमी पडतं. सारकोग्लायकन नावाच्या प्रथिनांचा गटही असाच पटलातून निखळतो. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात केव्हिन कॅम्पबेल यांच्या प्रयोगशाळेनं १९९०च्या आसपास हा सगळा जुडगा एकेक करून ओळखून काढला. स्नायूतल्या एकूण प्रथिनांत डिस्ट्रोफिनचा वाटा ०.००२ टक्के. एवढ्याशा प्रथिनावर मुलाचं चालणं, पुढं श्वास आणि हृदयसुद्धा अवलंबून असतं, हे मला अजूनही स्तब्ध करतं.

या आजाराला नाव मिळालं ते फ्रान्सच्या ड्यूशेन यांचं. १८६८मध्ये त्यांनी तेरा रुग्णांचं सविस्तर वर्णन केलं, आणि जिवंत माणसाच्या स्नायूचा तुकडा काढण्यासाठी खास सुई घडवून घेतली. पण त्यांच्याही आधी, १८५१च्या डिसेंबरात, एडवर्ड मेरियन या लंडनच्या डॉक्टरानं एका वैद्यकीय सभेत काही भावांची हकिगत वाचली होती. मेलेल्या मुलाच्या मज्जारज्जूत त्याला काहीच दोष सापडला नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र स्नायूतंतूंची आवरणं फुटलेली दिसली होती. दोष पटलाचा आहे हे त्यानं तेव्हाच डोळ्यांनी पाहिलं. ते पटल का फुटतं याचं उत्तर यायला १९८७ उजाडावं लागलं. त्या वर्षी बोस्टनमध्ये एरिक हॉफमन आणि लुई कुंकेल यांनी हे प्रथिन शोधून त्याला नाव दिलं. मधली १३६ वर्षं. त्या वर्षांत किती घरांत माझ्या मामासारखी मुलं पोलिओ, वारं, करणी, पूर्वजन्माचं पाप अशा नावांखाली गेली असतील.

हे सगळं कळल्यावर आमच्या घरातली पहिली गोष्ट बदलली ती व्यायामाची. "बसून बसून पाय गेले पोराचे, चालवा त्याला, जिन्यावरनं वर-खाली करवा," असं येणारा-जाणारा सांगायचा. दाजी पहाटे उठून त्याला चालवायचे. स्नायू अशक्त असेल तर कष्टानं वाढतो, हा आपला सर्वांचा अनुभव. पण इथं कष्टच पटल फाडतात. त्यातही सर्वांत जास्त इजा होते ती स्नायू ताणला जात असताना त्याला भार पेलावा लागतो तेव्हा, म्हणजे जिना उतरताना, उतारावरून चालताना. १९९३मध्ये उंदरांच्या स्नायूंवर हे प्रयोगानं दाखवलं गेलं. म्हणून डीएमडीच्या मुलाला वजन उचलायला लावायचं नाही, दमेपर्यंत पळवायचं नाही. घोटे आखडू नयेत म्हणून रोज हळुवार ताण द्यायचा, पाण्यात खेळू द्यायचं, रात्री पायाला स्प्लिंट लावायचं. आणि पाय मोडला म्हणून महिनाभर खाटेवर निजवून ठेवणंही घातक. त्यानंतर पुष्कळ मुलं परत उभी राहत नाहीत.

दुसरी गोष्ट यकृताची. फाटक्या पटलातून गळणाऱ्या द्रव्यांत एसजीपीटी आणि एसजीओटी असतात. रक्ततपासणीत हे आकडे वाढलेले दिसले की यकृत बिघडलं असा समज होतो. भाच्याच्या बाबतीत एका दवाखान्यात असंच झालं. कित्येक महिने काविळीची औषधं, तेल बंद, तूप बंद, मुलगा आधीच मागं पडतोय आणि त्यात खाणंही कमी. पुढं बिदरला एका डॉक्टरांनी त्याला जमिनीवर बसवलं, "उठ बाळा" म्हणाले, आणि लगेच सीपीके नावाची रक्ततपासणी लिहून दिली. निरोगी मुलात दोनशेच्या आत असणारा हा आकडा डीएमडीत हजारांत जातो. ती एक साधी रक्ततपासणी तालुक्याच्या गावातही होते. मुलाचं एसजीपीटी वाढलंय आणि डोळे पिवळे नाहीत, तर सीपीके बघा, एवढं वाक्य कुणी प्रत्येक दवाखान्यात लावलं तर कितीतरी मुलांची वर्षं वाचतील.

भूल देण्याचा धोकाही याच पटलामुळं. स्नायू शिथिल करणारं सक्सिनिलकोलिन हे औषध दिलं तर पेशींतलं पोटॅशियम एकदम रक्तात सुटतं आणि हृदय बंद पडू शकतं. अक्कानं भाच्याच्या फायलीवर हे लाल शाईनं तीन भाषांत लिहून ठेवलंय.

भाच्याचं रक्त जनुकीय तपासणीला गेलं. रिपोर्टात लिहून आलं: एक्झॉन ४५ ते ५० गायब. डिस्ट्रोफिनचं जनुक माणसाच्या सर्वांत मोठ्या जनुकांपैकी एक. सुमारे २२ लाख अक्षरांचं. त्यांतली प्रथिनाच्या कामाची अक्षरं फक्त ११ हजारांच्या आसपास, एक्झॉन नावाच्या ७९ तुकड्यांत विखुरलेली. या जनुकाची एक नक्कल उतरवायला पेशीला सोळा तास लागतात. एवढ्या लांबलचक मजकुरात चूक व्हायला जागाही तेवढीच. अक्षरं तीन-तीनच्या गटांनी वाचली जातात. गळालेल्या अक्षरांची संख्या तिनानं भागली गेली तर पुढचं वाचन सुरळीत होतं, प्रथिन आखूड पण चालण्यासारखं बनतं, आणि मुलाला बेकर नावाचा सौम्य आजार होतो. भागली गेली नाही तर पुढचे सगळे गट चुकतात, वाचन मधेच थांबतं, आणि प्रथिनाचं दुसरं टोक तयारच होत नाही. म्हणून एखाद्याचा छोटा तुकडा गळूनही तो खुर्चीत बसतो आणि दुसऱ्याचा मोठा तुकडा गळूनही तो चालतो. १९९०मध्ये इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी एका अशा माणसाबद्दल लिहिलं ज्याच्या डिस्ट्रोफिनचा ४६ टक्के भाग नव्हता, आणि तो ६१व्या वर्षी चालत होता. त्याचा मधला दांडा गेला होता, दोन्ही टोकं शाबूत होती. हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा उठून अंगणात आलो. धरून ठेवायला दोन्ही टोकं हवीत. मधली लांबी थोडी कमी असली तरी निभतं.

आजच्या नव्या उपचारांचा मोठा भाग अशा माणसांच्या शरीरांनी दाखवलेल्या वाटेवर उभा आहे. भाच्यासारख्या मुलांत ५१वा तुकडाही वगळून वाचायला लावलं तर गट पुन्हा जुळतात. या विचारावरचं इटेप्लिर्सन २०१६मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण त्यानं वाढलेलं डिस्ट्रोफिन निरोगी पातळीच्या एक टक्क्याच्या आसपास. बंगळुरूत पालकांनीच उभी केलेली डार्ट ही संस्था अशाच औषधांवर काम करते. दुसरी वाट जनुकोपचाराची. त्यासाठीच्या विषाणूत पाच हजारांहून कमी अक्षरं मावतात, म्हणून दांडा कापून टोकं राखलेलं छोटं डिस्ट्रोफिन त्यात भरलं. २०२३मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, किंमत ३२ लाख डॉलर, म्हणजे पंचवीस कोटी रुपयांच्या वर. २०२५मध्ये चालणं थांबलेल्या दोन मुलांचा हे औषध घेतल्यावर यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. आपल्या २०२१च्या दुर्मिळ आजार धोरणात मिळणारी मदत ५० लाख रुपयांपर्यंत आहे. हे आकडे शेजारी मांडले की अंगात त्राण राहत नाही. पण दाजींनी मला एकदा सांगितलं, "कोटींचं सोड, रोज सकाळची गोळी चुकली नाही पाहिजे." ते बरोबर बोलले. प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकोर्ट ही जुनी, परवडणारी स्टेरॉइडं चालण्याची वर्षं वाढवतात. हृदयाची वर्षातून एकदा तपासणी, वेळेवर लसी, आणि पुढं रात्री श्वासाला आधार देणारं बायपॅप यंत्र, एवढ्यावर पूर्वी विशीच्या आत जाणारी मुलं आता तिशीपर्यंत आणि पलीकडं जगतात. अपंगत्वाच्या २०१६च्या कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आहे, प्रमाणपत्र मिळतं. माझा मामा ज्या आजारानं गेला तोच आजार घेऊन भाचा दहावीचा अभ्यास करतोय. दोघांच्या मधे एवढंच आलं: आजाराचं खरं नाव कळणं आणि त्या नावाप्रमाणं केलेली रोजची कामं.

आता अक्काबद्दल. डिस्ट्रोफिनचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईला दोन एक्स, पुरुषाला एक. आईच्या एका एक्सवर दोष असेल तर दुसरा तिला सांभाळून नेतो. मुलाकडं दुसरा नसतो. प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलीला वाहक असण्याची निम्मी. तपासणीत अक्का वाहक निघाली. म्हणजे आई वाहक होती, आजी वाहक होती. आईच्या दोन एक्सपैकी दोष असलेला अक्काला गेला, मला दुसरा मिळाला. मी जिने चढलो, शेतात राबलो, यात माझं कर्तृत्व काही नाही. आणि अक्काला गेला यात तिचा दोष काही नाही. पण तिच्या सासरी दोन वर्षं कुणी तिला सणाला पुढं होऊ दिलं नाही. आमच्या बाजूच्यांनी तर आणखी वेगळंच कारण काढलं: नात्यात दिली म्हणून झालं. दाजी म्हणजे आमच्या आत्याचा मुलगा. मामाची मुलगी करणं ही आमच्या भागातली जुनी रीत. कानडी घरांत तर सख्ख्या मामालाही भाची देतात. पण डीएमडीत बापाचा काही संबंधच येत नाही. मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो, दाजी परके असते तरी हेच झालं असतं.

नात्यातल्या लग्नाचा संबंध येतो तो वेगळ्या आजारात. डिस्ट्रोफिनशेजारच्या चार सारकोग्लायकनांपैकी एखादं बिघडलं तर आजार हुबेहूब असाच दिसतो, पोटऱ्याही तशाच. पण त्यांची जनुकं एक्सवर नाहीत. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच तो होतो, आणि मुलींनाही होतो. एकाच आजोबांची नातवंडं एकमेकांत लग्न करतात तेव्हा तशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. म्हणून आमच्या सीमाभागात पोटऱ्या जाड आणि चालणं जड असलेली मुलगी दिसली तर सारकोग्लायकन आठवावं. समाजातल्या समाजात लग्नं लागली की असे जुने दोष पिढ्यान्‌पिढ्या कसे टिकतात ते मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. सतीश खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी अगरवाल समाजाच्या अभ्यासातून २०१३मध्ये दाखवलं. तिथं कॅल्पेन-३ नावाच्या दुसऱ्याच एका जनुकात दोष होता.

शिवाय डीएमडीच्या जवळजवळ एक तृतीयांश मुलांच्या आया वाहक नसतातच. दोष त्या मुलापासूनच नव्यानं सुरू झालेला असतो. शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी हे गणित १९३५मध्ये हिमोफिलियासाठी मांडलं होतं. आजार इतका घातक असेल की रुग्ण मुलं संततीपर्यंत पोचतच नाहीत, तर प्रत्येक पिढीत दोष असलेल्या गुणसूत्रांपैकी एक तृतीयांश नाहीशी होतात. तरी आजार टिकून राहतो, म्हणजे तेवढीच नव्यानं निर्माण होत असली पाहिजेत. हे हाल्डेन १९५७मध्ये भारतात राहायला आले आणि इथलेच होऊन गेले. त्यांचं हे गणित प्रत्येक सासूला समजावून सांगता आलं असतं तर.

अक्काच्या सासूला, म्हणजे माझ्या आत्यालाच, ते दाजींनी समजावलं. फार शांतपणे, एका दुपारी. आत्या काही बोलली नाही. पण त्या वर्षी नागपंचमीला वारुळाला जाताना तिनं अक्काला हाक मारली.

वाहक बाईचं पटलही पूर्ण सुरक्षित नसतं, हे मात्र फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. हृदयाच्या पेशींतही डिस्ट्रोफिन लागतं, आणि काही वाहक बायकांचं हृदय मध्यम वयात अशक्त होतं. म्हणून त्यांनाही काही वर्षांनी एकदा हृदयाचा इको करून घ्यावा लागतो. मुलाला उचलून न्हाणीघरात नेणारी, रात्री तीनदा त्याची कूस बदलणारी बाई स्वतःच्या छातीची तपासणी करायला सहज तयार होत नाही. अक्का दर वेळी "पुढच्या खेपेला" म्हणायची. शेवटी भाच्यानंच अट घातली: तुझा इको होईल त्याच दिवशी माझाही होईल. तेव्हापासून हैदराबादला दोघांचा नंबर एकाच दिवशी लावतो.

भाची, अक्काची मुलगी, पंधरा वर्षांची आहे. तिच्यासाठी एका नातलगानं आत्ताच विचारणा केली, आणि त्याच दमात "तिची तपासणी झाली का" असंही विचारलं. ती वाहक आहे का ते आज तपासता येईल; भावाचा एक्झॉन ४५ ते ५०चा रिपोर्ट हाताशी असल्यानं नेमकं काय शोधायचं तेही ठाऊक आहे. पण तिला स्वतःला जाणून घ्यायचंय का, हे ठरवण्याचं वय तिचं अजून व्हायचंय. समुपदेशक डॉक्टरांचंही हेच म्हणणं पडलं. अक्कानं त्या नातलगाला सांगून टाकलं की स्थळ आत्ता बघायचं नाही आणि तपासणीही आत्ता करायची नाही. मग मला फोन करून म्हणाली, "त्या रिपोर्टाच्या दोन झेरॉक्स काढून ठेव. एक तिच्या शाळेच्या दाखल्यांबरोबर राहू दे. लागेल तेव्हा तिच्याकडं असली पाहिजे."